उणकल येथील पाठमोऱ्या पक्षीप्रेमी मंडळाचा वृत्तान्त

सर्व वाचकांस नम्रपणे विदित करण्यात येते की, आमच्या घराच्या परसात येणाऱ्या रानपाखरांस खाऊ घालण्याची व त्यापासून आनंद घेण्याची जी पद्धत गेल्या श्रावणापासून रूढ झाली आहे, तिची उत्पत्ती, नियम व फलनिष्पत्ती प्रस्तुत लेखात क्रमाने मांडण्यात येईल. लेखात कोणत्याही पक्ष्याचे रूपवर्णन आढळणार नाही. कारण असे की, त्यांपैकी, आरंभीचा एक बुलबुल वगळता, एकही पक्षी आम्ही पाहिलेला नाही. (ही आमच्या कार्यातील उणीव नसून तेच आमच्या कार्याचे यश होय, हे पुढे सिद्ध होईल.)

जगातील सर्व प्राणिमात्र अन्नावर जगतात आणि मनुष्यप्राणी त्याखेरीज दुसऱ्याच्या अन्नाकडे पाहूनही जगतो, हे सत्य थोरांनी सांगून ठेवले आहे. सांगितले नसल्यास ते गडबडीत राहून गेले असावे.

आमचे दुकान हुबळीच्या बाजारात सुतळी, काथ्या व पोत्यांचे. घर पूर्वी दुकानाच्या माथ्यावरच होते. चार वर्षांपूर्वी आम्ही उणकलच्या नव्या वसाहतीत घर बांधले व त्यामागे अठरा फूट लांब व बारा फूट रुंद असा परस उरला. (नकाशात तो वीस फूट होता. दोन फूट कोठे गेले हे गवंड्यासही सांगता आले नाही.) परसात एक पेरूचे झाड, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड व पाण्याची टाकी एवढी सामग्री आहे. गेल्या मे महिन्यात चिरंजीव दीपक यांचा विवाह निपाणीच्या दीपाली यांच्याशी झाला आणि या सामग्रीत मातीच्या दोन परळांची भर पडली. एका परळात पाणी व दुसऱ्यात ज्वारी. सूनबाई विज्ञान शाखेच्या पदवीधर असून, आम्ही ज्या सर्वांस सरसकट 'पाखरू' म्हणत आलो त्यांची निरनिराळी नावे त्यांना येतात. दुपारी धुण्याच्या दगडावर एकट्या बसून त्या ती नावे पुटपुटत असत.

या ठिकाणी सूनबाईंच्या वजनाचा विषय घेणे भाग आहे, कारण सर्व प्रकरण त्यावरच उभे आहे. जूनच्या आरंभी हे वजन एक्कावन्न किलो होते. ऑगस्टच्या पंधरा तारखेस ते सेहेचाळीस भरले. डॉक्टरांनी तपासून रोग नाही असे सांगितले व "भूक लागेल तेव्हा जेवू द्या," एवढाच उपाय सुचविला. (फी पूर्ण घेऊन उपाय मात्र अर्धाच सांगितला, असे आमच्या घरी सर्वांचे मत पडले.) ही बातमी सूनबाईंच्या एका ताज्या फोटोसह निपाणीस आमचे व्याही महेशराव यांच्याकडे पोहोचली. त्यांनी दूरध्वनीवरून शांतपणे सांगितले, "गणपती गेले की दुसऱ्या रविवारी येतो. पोरगी फोटोतल्यासारखीच दिसली तर घेऊन जातो. पुढचं पुढं बघू."

'पुढचं पुढं बघू' हे वाक्य आमच्या समाजात सहज उच्चारले जात नाही. माझ्या माहितीत ते आजवर तीन वेळा उच्चारले गेले असून, त्यांपैकी दोन वेळा लग्नातली भांडी परत करावी लागली. चिरंजीव दीपक त्या दिवशी नेहमीप्रमाणे पाळीवर गेले. परंतु तारिहाळच्या पंपांच्या कारखान्यात त्यांनी त्या पाळीत तीन पंपांना झाकणे उलटी बसविली, असे त्यांच्या मुकादमाकडून कळले.

आता कोणी म्हणेल की सुनेच्या जेवणाकडे या घरात दुर्लक्ष होत असावे. तसे मुळीच नव्हते. लक्ष देण्याच्या बाबतीत आमचे घर हुबळी-धारवाड जोडशहरात कोणास हार जाणार नाही. सूनबाई जेवावयास बसल्या की आम्ही सर्व जण बसत असू. जेवावयास नव्हे. मी समोर. माझी पत्नी यमुना उजव्या हातास, तव्यावरची भाकरी हातात तोलून धरून. दीपक घरी असल्यास डावीकडे. पाळीवर असल्यास मोबाइलमध्ये, लोणच्याच्या बरणीस टेकून, ताट पूर्ण दिसेल अशा बेताने. शेजारच्या विमलताई खिडकीबाहेर. याप्रमाणे प्रत्येक घासास सरासरी साडेतीन प्रेक्षक पडत. (अर्धा प्रेक्षक म्हणजे विमलताई, कारण कंपाउंडवरून त्यांचा नाकापासून वरचाच भाग दिसतो.)

एका भाकरीच्या काळात उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांची मी एकदा जिज्ञासेने नोंद केली. "एवढंच?" हे नऊ वेळा आले. "अर्धी घे की आणखी" सात वेळा. "आमच्या घरचं गोड लागत नाही काय तुला?" चार वेळा. "मी नवी नवरी होते तेव्हा चार खायची," हे यमुनेचे वाक्य एकदाच आले, परंतु ते भाकरी संपल्यावरही चालू होते. सूनबाईंनी अर्धी अधिक खाल्ल्यास ती वार्ता संध्याकाळपर्यंत सर्व वसाहतीस कळे. न खाल्ल्यासही कळे. दोन्ही वार्तांना लागणारा वेळ सारखाच आढळला.

यात शेजारधर्माची भर वेगळी. आमच्या गावात मनुष्य मनुष्यास भेटला की नमस्काराच्या ठिकाणी "ऊटा आतेन्री?" असे कानडीत विचारतो, म्हणजे जेवण झाले का. याचे उत्तर कोणी ऐकून घेत नाही, ही त्या प्रश्नाची शोभा. सूनबाईंस मात्र तो विचारून लोक उत्तरासाठी उभे राहू लागले. विमलताईंचे यजमान हणमंत यांनी तर एकदा "आतू" म्हणजे झाले, या उत्तरावर समाधान न मानता भाजीचे नाव विचारले, आणि ते सांगितल्यावर किती वाट्या, असेही विचारले.

इतके प्रेम असता वजन घटत होते, ही खरोखर चमत्कारिक गोष्ट होय.

अशा काळजीच्या दिवसांत असे निदर्शनास आले की, सूनबाई परसात पाखरांपाशी बसल्या असता त्यांच्या मुद्रेवर स्मित असते. यमुनेने हे प्रथम पाहिले व आम्हांस बोलाविले. ज्या गोष्टीपासून सुनेस आनंद होतो त्या गोष्टीत सर्व कुटुंबाने सहभागी झाले पाहिजे, या उदात्त हेतूने त्याच रविवारी परसात खुर्च्या मांडण्यात आल्या. हणमंत व विमलताई कंपाउंडच्या फाटकातून आले. हणमंत हे अळणावरकडील शेतकरी घराण्यातील असून, मुलाच्या नोकरीमुळे शहरात राहतात. आयुष्याची चाळीस वर्षे त्यांनी हातात गोफण घेऊन, शेतातल्या माळ्यावर उभे राहून पाखरे हाकलण्यात घालविली असल्याने या विषयातील त्यांचा अनुभव आम्हां सर्वांत मोठा ठरला.

सूनबाईंनी पपईची एक फोड परळात ठेवली. थोड्या वेळाने एक बुलबुल आला. त्याने फोडीस एक टोच मारली. आम्ही सहाही जण एकदम पुढे वाकलो.

"खाल्लं बघा," हणमंत म्हणाले.

"एवढंच?" यमुना म्हणाली.

बुलबुल उडाला.

त्यानंतर तीन दिवस परसात एकही पाखरू उतरले नाही. ज्वारी तशीच राहिली व तिला मुंग्या लागल्या. चौथ्या दिवशी यमुनेने निदान केले की पाखरांना दृष्ट लागली आहे. पेरूच्या झाडावरून मीठ, मोहरी व सात सुक्या मिरच्या उतरून चुलीत टाकण्यात आल्या. मिरच्यांचा ठसका कोणासच आला नाही, यावरून दृष्ट फार मोठी असल्याचे सिद्ध झाले. (चूल विझलेली होती, असे दीपक यांनी नमूद केले. ते यंत्रविद्या शिकलेले असल्याने त्यांचे मत विचारात घेतले नाही.)

"खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये, म्हणून आई सांगायची आमची," यमुना दुपारी जेवणाच्या वेळी म्हणाली. "सहा-सहा माणसं डोळे लावून बसल्यात. त्या एवढ्याशा पाखराच्या घशाखाली उतरंल काय?"

सूनबाईंचा घास त्या वेळी ताट व तोंड यांच्या मधोमध होता. त्यांनी यमुनेचे बोलणे ऐकले की नाही हे पाहण्यासाठी आम्ही सर्वांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी घास खाली ठेवला.

मग त्या मला म्हणाल्या, "पाठ करून बसूया की, मामा. पाखरं येतील."

लग्नानंतर सर्वांसमक्ष सूनबाईंनी मांडलेला हा पहिलाच ठराव. तो एकमताने संमत झाला व त्यातून आमचे मंडळ जन्मास आले.

मंडळाचे नियम हणमंत व मी मिळून केले. खुर्च्या परसाकडे पाठ व घराच्या भिंतीकडे तोंड करून मांडाव्यात. (भिंतीस नुकताच फिका हिरवा रंग दिला असल्याने पाहण्यास ती पुरेशी आहे.) वेळ सकाळी साडेआठ ते सव्वानऊ. या वेळेत मान वळविणे, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहणे, तसेच चपलेचे निमित्त करून वाकणे व पायांच्या मधून पाहणे बंद राहील. आवाज ऐकण्यास मुभा आहे. कोणी खाल्ले, किती खाल्ले व आणखी का खाल्ले नाही, हे विचारण्यास मुभा नाही. मोबाइल, घासलेला स्टीलचा पेला व आरसा जवळ बाळगू नये. यांतील आरशाची तरतूद दुसऱ्या आठवड्यात करावी लागली, कारण खुद्द नियमकर्ते हणमंत हेच खिशात दाढीचा आरसा घेऊन बसलेले आढळले.

"मी माझी मिशी बघायलोय," ते म्हणाले.

"मिशीवर साळुंकी बसलीय काय तुमच्या?" विमलताई म्हणाल्या.

आरसा जप्त करण्यात आला. तो यमुनेच्या कपाटात असून, मिशीच्या कामासाठी शनिवारी परत मिळतो.

कोणीतरी पाखरांस वाढणे व परळ उचलणे अवश्य होते. पंक्तीत वाढपी हा प्रेक्षक समजला जात नाही, हा आपल्याकडील जुना संकेत. त्याच्या आधारे वाढपी म्हणून सूनबाईंची नेमणूक झाली. त्यामुळे सकाळच्या त्या पाऊण तासात परसाकडे तोंड असलेली मनुष्यव्यक्ती ही एकच राहिली.

पाखरे तिसऱ्याच दिवशी परतली.

न पाहण्यापासून मिळणारा आनंद कशास म्हणतात, हे ज्याने अनुभवले नाही त्यास सांगणे कठीण. प्रथम काही ऐकू येत नाही. मग पेरूच्या फांदीवर नखांचा आवाज होतो. मग चिमण्या येतात. त्या बोलतच येतात. सातभाई आले की भांडण ऐकू येते व ते कोणत्या कारणाने आहे हेही समजू लागते. एखादा पाण्याच्या परळात उतरून पंख झाडतो, तेव्हा आपल्या मानेवर दोन थेंब पडतात. माझ्या वयाच्या बासष्ट वर्षांत पाखरू माझ्या इतक्या जवळ कधी आलेले नव्हते. त्या आठवड्यात दोन वेळा मी दुकान उघडावयास विसरलो. संध्याकाळी सूनबाई आम्हांस कोण कोण येऊन गेले ते सांगत.

"आज दयाळ आला होता, मामा. शेपूट वर करून सगळ्यांवर हुकूम सोडत होता."

"आणि ते भांडखोर?"

"सातभाई? ते एकमेकांच्या चोचीतलं ओढून घेतात," सूनबाई म्हणाल्या. "पण किती खाल्लं म्हणून कोण कुणाला विचारत नाही."

ही माहिती शास्त्रीय असल्याने आम्ही ती ऐकून घेतली.

कीर्ती पसरण्यास वेळ लागला नाही. चार आठवड्यांत सभासदांची संख्या पाचावरून तेवीसवर गेली. धारवाडहून दोघे बसने येऊ लागले. लॅमिंग्टन रोडवरील एक चष्म्याचे व्यापारी सहकुटुंब सभासद झाले. (व्यवसाय दृष्टीचा असूनही त्यांनी मंडळाच्या धोरणास हरकत घेतली नाही, हा त्यांचा मोठेपणा.) पहिल्या महिन्यात न पाहिलेल्या पक्ष्यांची एकूण संख्या चारशे बारा झाली. त्यांत हणमंत यांनी न पाहिलेला एक मोर आहे. त्यावर चष्मेवाल्यांनी शंका काढली. परंतु मोर खोटा ठरविण्यासाठी मागे वळून पाहावे लागले असते व ते नियमबाह्य असल्याने मोर मंजूर झाला.

आता पाखरांच्या आहाराविषयी.

पहिल्या आठवड्यात वाढप्यांची मागणी मूठभर ज्वारी, तांदळाच्या कण्या व पपई एवढीच होती. दुसऱ्या आठवड्यात सूनबाईंनी कळविले की सातभाईंना भाकरी आवडते. भाकरी देण्यात आली. तिसऱ्या दिवशी कळले की ती ताजी व पातळ असल्यास अधिक आवडते. यमुनेने तव्यावरची दिली. त्यापुढे शेंगदाण्याच्या चटणीची मागणी आली, तेल घालून. मग भरल्या वांग्याची. मग कांद्याची, तोही बुक्की मारून फोडलेला. एका गुरुवारी दोन मिरची भजी मागविण्यात आली व ती हणमंत यांनी स्वतः कोपऱ्यावरून आणून, पाठमोऱ्या अवस्थेत, हात मागे करून परसात पोहोचविली.

परळाच्या जागी ताट केव्हा आले, याची नोंद सापडत नाही.

उणकलच्या पाखरांच्या सवयींविषयी काही निरीक्षणे येथे देणे उपयुक्त होईल. (निरीक्षणे ताट आत आल्यानंतरची आहेत.) ती वांग्याचे देठ ताटाच्या कडेस ओळीने लावून ठेवतात. मिरचीच्या बिया खात नाहीत. भाकरीचा पापुद्रा आधी खातात. पाणी पितात ते पेल्याने. एखाद्या दिवशी ताट टाकीपाशी धुऊन पालथेही घालतात. असे सुसंस्कृत पाखरू अन्य कोठे असल्याचे ऐकिवात नाही व ते आमच्या शहराच्या लौकिकास साजेसेच म्हणावे लागेल.

विमलताईंनी एकदा कंपाउंडवरून विचारले, "यमुनाक्का, तुमची पाखरं लिंबाचं लोणचं खातात म्हणे?"

"खाईनात का," यमुना म्हणाली. "तुमच्या पोटात का दुखतंय?"

अशा प्रकारे कार्य सुरळीत चालले असता, एका सकाळी, सर्व सभासद भिंतीकडे तोंड करून स्तब्ध बसले असताना, परसातून एक ढेकर ऐकू आला. तो दीर्घ, स्पष्ट व समाधानाचा होता. चिमण्यासुद्धा क्षणभर थांबल्या.

कोणीही वळले नाही. तेवीस माना होत्या व तेवीसही भिंतीकडे राहिल्या. मंडळाच्या इतिहासातील ही सर्वांत गौरवाची घटना होय, असे मी मानतो.

थोड्या वेळाने हणमंत भिंतीस उद्देशून म्हणाले, "भारद्वाज असतोय बघा, अण्णा. मोठं पाखरू आहे ते."

"असंल," मी म्हणालो.

यमुना उठली. परसाकडे पाठ ठेवूनच, भिंतीच्या कडेकडेने, ती स्वयंपाकघरात गेली व तिने आणखी एक भाकरी थापावयास घेतली. थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

या ठिकाणी वाचकांपासून काही लपवून ठेवणे योग्य होणार नाही. परसात सूनबाई न्याहारी करीत होत्या. पाखरांबरोबर, धुण्याच्या दगडावर ताट ठेवून, रोज, पोटभर. मंडळास ही बाब अधिकृतरीत्या ठाऊक नाही. मंडळाने ती पाहिलेली नाही, तिच्याविषयी कोणास विचारलेले नाही व ती वसाहतीत कोणास सांगितलेली नाही. या तिन्ही गोष्टी आमच्या वसाहतीत प्रथमच घडल्या. वजनकाटाही त्याच आठवड्यात बंद करण्यात आला, कारण काट्यावर उभ्या राहिलेल्या मनुष्याचा आकडा वाचणे हेही एक प्रकारचे टक लावणेच होय.

परंतु काटा बंद केल्याने एक अडचण उत्पन्न झाली. व्याह्यांचा रविवार उजाडला, तेव्हा त्यांना दाखविण्यास आमच्याजवळ आकडा नव्हता.

महेशराव पहाटेच्या बसने निघून पावणेनऊ वाजता आले. हातात एक मोठी पिशवी होती व ती रिकामी होती. ती कशासाठी, हे कोणी विचारले नाही. दीपक यांनी ती त्यांच्या हातातून घेण्याचा प्रयत्न केला. महेशरावांनी ती दिली नाही. त्या क्षणी माझ्या चिरंजीवांचा चेहरा कसा झाला होता ते मी सांगू शकलो असतो, परंतु मी भिंतीकडे पाहत होतो.

मंडळाची वेळ चालू होती. हणमंत यांनी न वळता पायाने एक खुर्ची पुढे सरकविली.

"बसा, पाव्हणं. तोंड तिकडं."

"पोरगी कुठं आहे?"

"पाखरांना वाढायलीय."

"मग जाऊन बघतो की."

"बघायचं नाही," तेवीस जण म्हणाले.

महेशराव हे निपाणीच्या बाजारात मानाचे गृहस्थ आहेत. भर सभेत त्यांना कोणी असे सांगितले नसावे. ते खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर ठेवली व आमच्या भिंतीकडे अशा नजरेने पाहू लागले की जणू ती भिंत त्यांनाच विकावयास काढली आहे. मागे चिमण्या आल्या. पाणी उडाले, दोन थेंब व्याह्यांच्या मानेवर पडलेले असावेत, कारण त्यांनी रुमाल काढला.

मग कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला. कटकन.

व्याह्यांची मान पाव भाग वळली.

यमुना भिंतीवरची नजर न काढता म्हणाली, "पाव्हणं, बघायचंच असलं तर आत्ताच घेऊन जावा तिला. नाही बघितलं तर जेवतीय."

(हे वाक्य मंडळाच्या इतिवृत्तात घेतलेले नाही.)

व्याह्यांची मान तेथेच थांबली. मुलीचे तोंड पाहण्यासाठी ते तीन तास उभ्याने प्रवास करून आले होते व ते तोंड त्यांच्यापासून नऊ फुटांवर होते.  दीपक यांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली होती.

मान परत भिंतीकडे आली.

दुसऱ्यांदा कटकन आवाज आला. महेशरावांनी एक बोट उचलले होते, त्याशेजारी आता दुसरे उचलले. हणमंत यांनी आपला राकट हात पुढे करून ती दोन्ही बोटे हळूच खाली दाबली.

"मोजायचं नाही, पाव्हणं."

तेवढ्यात मागे सातभाईंचा गोंगाट उठला व त्यातून सूनबाईंचा आवाज आला, "अरे, थांब की! तो तुकडा माझा आहे." आणि त्या हसल्या. मोठ्याने, एकट्याच, कोणी ऐकत नाही असे समजून हसावे तशा.

महेशरावांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात पाहिले व पुन्हा घातली.

सव्वानऊ वाजता सूनबाई ताट पालथे घालून आत आल्या. वेळ संपल्यानंतर पाहण्यास नियमाची आडकाठी नाही. बापाने मुलीकडे पाहिले. तोंड उघडून ते म्हणाले, "बाळ, जेव—" आणि सर्व सभासदांस एकदम खोकला झाला.

व्याही थांबले. मग म्हणाले, "पाखरं जेवली काय?"

"जेवली, अप्पा," सूनबाई म्हणाल्या.

"मग झालं."

दुपारच्या बसने ते एकटेच परत गेले. रिकाम्या पिशवीत यमुनेने कडक भाकऱ्या भरून दिल्या; किती, हे व्याह्यांनी विचारले नाही. निपाणीस आता याच धर्तीची एक शाखा निघाली असून, तेथे परस नसल्याने सभासद गच्चीवर पाठ करून बसतात. तारिहाळच्या कारखान्यातील झाकणेही तेव्हापासून सरळ बसत आहेत.

शेवटी एक अप्रिय बाब नमूद करणे कर्तव्य ठरते. हे सर्व चालू असता तेवीस सभासदांनी पाठ फिरविली होती. सासूने फिरविली, नवऱ्याने फिरविली, शेजाऱ्याने आरसा दिला व जन्मदात्या बापानेही मान आवरली. परंतु भाकरी पातळ होती की जाड, चटणीत तेल होते की नाही, देठ कोठे ठेवले आणि ढेकर कोणाचा, हे सर्व एक व्यक्ती आरंभापासून डोळे लावून पाहत आली आहे. तिने एकदाही मान वळविली नाही. वजन किती होते व आता किती भरले असेल, हा प्रश्नही या क्षणी तिच्याच मनात आहे. ती व्यक्ती म्हणजे, वाचकहो, आपण.

आपणांस पाठ फिरविण्यास कोणी सांगितले नव्हते, हे मान्य. म्हणून आता सांगत आहे. मी हे लिहीत आहे ती सकाळची पावणेनऊची वेळ असून, मागे परसात अजून अर्धी भाकरी शिल्लक आहे. आपण पाहत राहिलात तर ती तशीच राहील.

कृपया कागद मिटावा. आपण तो मिटल्याची खात्री मी मागे वळून करणार नाही, एवढा विश्वास ठेवतो आणि आजवर दिलेल्या लक्षाबद्दल, तसेच येथून पुढे न देण्याच्या लक्षाबद्दल, सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानतो.

आपला पाठमोरा व नम्र,
अप्पाजी विठोबा शिंत्रे
उणकल, हुबळी